वेशीबाहेरची मोठी जागा आणि त्यावरचं घर: जमीन पाहण्यापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

पुण्यातून कुठल्याही रस्त्याने बाहेर पडलं की सोसायट्यांची शेवटची रांग मागे पडते. मग गोदामं, मंगल कार्यालयं, नर्सऱ्या लागतात आणि मधूनच दहा-वीस गुंठ्यांत एकटं उभं असलेलं घर दिसतं. हवेली, मुळशी, मावळ, पुरंदर, चारही बाजूंना हे चित्र आहे. कागदावर गाव, ग्रामपंचायत, शेजारी ऊस किंवा ज्वारी. पण सकाळी मुलं शहरातल्या शाळेत आणि मोठी माणसं शहरातल्या कामाला. आई-वडील, आपण, मुलं असं सगळं कुटुंब एका छपराखाली राहावं आणि अंगणात पाय मोकळे करता यावेत, म्हणून लोक इकडे येतात. इच्छा चांगली आहे. तिच्यासाठी तयारी मात्र वेगळी लागते.

या लेखाचा सगळा रोख एका गोष्टीवर आहे: अशा जागेवर पैसा आणि डोकं आधी जमिनीवर खर्च करा, घरावर नंतर. शहरातल्या प्लॉटवर पाणी, गटार, रस्ता, दिवाबत्ती ही महापालिकेची जबाबदारी असते. इथे ते सगळं तुम्हालाच उभं करायचं असतं. आर्किटेक्टकडे जाण्याआधी कागद, वाट, पाणी आणि निचरा या चार गोष्टी मार्गी लागल्या पाहिजेत.

किती जागा पुरे

सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. दलाल गुंठ्यांत बोलतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा किंचित कमी. सातबारावर ०.१० लिहिलं असेल तर ते १० आर, म्हणजे दहा गुंठ्यांना थोडं कमी. दर गुंठ्याचा आणि क्षेत्र आरमध्ये असेल, तर हा फरक किमतीत दिसतो. व्यवहार ठरवतानाच तो बोलून घ्या.

पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला, माझ्या मते, दहा ते पंधरा गुंठे भरपूर. त्यात प्रशस्त घर, विहीर किंवा बोअर, परसबाग, आठ-दहा मोठी झाडं आणि दोन गाड्यांची जागा आरामात बसते. त्याहून मोठी जागा घ्यायची तर घरातल्या एकाला तरी शेतीची खरी आवड हवी. श्रावणात वीस गुंठ्यांत गवत आणि गाजरगवत कंबरेएवढं वाढतं, आणि ते कापायला माणूस मिळवणं हे दर पंधरवड्याचं काम होऊन बसतं.

कागद: इथे घाई नको

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सातमध्ये मालकी आणि हक्क, बारामध्ये पिकं. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, तो स्वतः काढा. दलालाने दिलेल्या झेरॉक्सवर निर्णय घेऊ नका. त्यात तीन ठिकाणी थांबून वाचायचं.

पहिलं, भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर मालकाला विकायला सहसा अडचण नाही. वर्ग २ असेल तर सरकारची काही अट आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. दुसरं, ‘इतर हक्क’ हा रकाना. कुळाचं नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा, वतन किंवा देवस्थानची नोंद, विहिरीतला हिस्सा, कुणाचा तरी रस्त्याचा हक्क, हे सगळं तिथे एका ओळीत लपलेलं असतं. तिसरं, नावं. एका गटात बारा-पंधरा नावं एकत्र दिसली आणि तुम्हाला त्यातले ‘तुमचे’ पाच गुंठे जमिनीवर चुना टाकून दाखवले जात असतील, तर ते क्षेत्र सामाईक आहे. तुमच्या वाट्याची हद्द सरकारी नकाशात नाही. पुढे विकायला, कर्ज काढायला, बांधकाम परवानगी घ्यायला प्रत्येक वेळी बाकीच्यांच्या सह्या लागतील. असे व्यवहार शहराभोवती सर्रास होतात आणि स्वस्तही पडतात. मी तरी कुणाला हा सल्ला देणार नाही.

त्यानंतर फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी. आजचा मालक मालक कसा झाला, हे मागे मागे जात किमान तीस वर्षं तपासायचं: वारसाने, वाटपाने की खरेदीने. वारसांत बहिणींची नावं आहेत का, हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का, हे खास बघा. जमिनीच्या वादांत सर्वांत जास्त वेळा हाच धागा सापडतो. हे काम जमिनीचे व्यवहार बघणाऱ्या वकिलाकडून करून घ्या, लेखी शोध अहवाल मागा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर किंवा नोटरी केलेल्या कागदावर मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. नोंदणीकृत खरेदीखत हवं.

आता कायद्याचे तीन अडसर. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. मराठवाड्यात आणि विदर्भात कुळकायदे वेगळे आहेत, तिथल्या वकिलाला विचारा. दुसरा अडसर १९४७ चा तुकडेबंदी कायदा, शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडून विकायला मनाई करणारा. २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे किमान क्षेत्र ठरलं आहे. शहरालगतच्या भागासाठी सवलती येत असतात. पण ‘लवकरच नियमित होईल’ या भरवशावर पैसे देऊ नयेत. तिसरा अडसर झोनचा. प्रादेशिक किंवा विकास योजनेत ती जमीन रहिवासी पट्ट्यात आहे की शेती पट्ट्यात, याचा झोन दाखला घ्या. शेती पट्ट्यात शेतघर बांधायला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ड मुळे वाट सोपी होते.

थोडक्यात, घरात कुणी शेतकरी नसेल तर मंजूर रेखांकनातला बिगरशेती प्लॉट हाच सरळ मार्ग. तो मोठा मिळत नसेल तर शेजारचे दोन प्लॉट एकत्र घ्या. गुंठ्याला दर जास्त पडेल, पण रात्री झोप लागेल.

आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ. घरपट्टी लागली म्हणजे घर कायदेशीर झालं, असा समज खेडोपाडी घट्ट बसला आहे. नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, बांधकाम परवानगी नव्हे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या हद्दीत, नकाशा मंजूर करण्याचं काम त्या प्राधिकरणाचं आहे. जुनं बांधलेलं घर विकत घेत असाल तर मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र (बांधकाम नकाशाप्रमाणे झाल्याचा, राहायला परवानगीचा दाखला) मागा. ‘पंचायतीचा ठराव आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. याच फेरीत रिंग रोड, रुंदीकरण आणि इतर भूसंपादनाच्या आखणीत तुमचा गट नंबर येतो का, तेही विचारून घ्या.

मोजणी आणि वाट

साठेखताआधी (विक्रीच्या करारनाम्याआधी), निदान खरेदीखताआधी, भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, भूकरमापक खुणा दाखवतो आणि नंतर ‘क’ प्रत नकाशा मिळतो. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. लगतच्या शेतकऱ्यांशी तिथेच, चहा घेत बोला. बांधावरून वाद असेल तर तो त्या दिवशीच कळतो, आणि तो मिटवायचं काम विकणाऱ्याचं आहे, तुमचं नाही. खुणांवर लगेच दगड किंवा काँक्रीटचे ठोकळे गाडा, फोटो काढून ठेवा.

वाटेचं काय? आज गाडी जाते म्हणून उद्या जाईल असं नाही. वाट कुणाच्या गटातून जाते, ती नकाशावर आहे की केवळ वहिवाटीची, किती रुंद आहे, हे लिहून घ्या. शेतावर जायला बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदारांना कलम १४३ प्रमाणे आहे, आणि चालू वहिवाटीची वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते. पण हे मार्ग शेतीसाठी आहेत. घराच्या नकाशाला मंजुरी हवी तर कागदावरचा पोहोच रस्ता लागतो. तो खरेदीखतात गट नंबर आणि रुंदीसकट उतरवा.

जमीन वाचायला दोनदा जा

एकदा मे महिन्यात आणि एकदा भर जुलैत. मेमध्ये पाण्याची खरी स्थिती कळते, जुलैत निचऱ्याची. दोन्ही फेऱ्या शक्य नसतील तर जुलैची सोडू नका.

जुलैत चपला काढून चालण्याची तयारी ठेवा. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठून बाहेर पडतं हे पाहून कागदावर बाण काढा. वरच्या अंगाच्या शेताचं पाणी तुमच्या जागेतून वाहत असेल तर तो प्रवाह बंद करता येणार नाही. त्याला चर काढून वाट द्यावी लागेल. ओढ्याकाठच्या झुडपांत किती उंचीवर काडीकचरा, प्लॅस्टिक अडकलंय ते बघा. पूर कुठवर आला होता हे तिथे दिसतं. नदी जवळ असेल तर जलसंपदा विभागाची पूररेषा तपासा: निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घराचा विचारच नको. शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, “मामा, इथं पावसात कसं असतं?” तो हात करून दाखवेल, “त्या बाभळीपातूर पाणी येतंय साहेब.” त्या बाभळीची जागा नकाशावर मांडा.

मातीकडे बसून बघा. काळी माती असेल तर मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. ओली माती तळहातावर वळून बघा: दोरीसारखी लांब, न तुटता वळली तर चिकणमाती भरपूर आहे. जागेच्या तीन कोपऱ्यांत जेसीबीने सहा-सात फूट खोल खड्डे घ्या. किती फुटांवर मुरूम लागतो, किती फुटांवर खडक, हे मोजून लिहा. अर्ध्या दिवसाच्या जेसीबीचे पैसे पायाच्या खर्चात कित्येक पटींनी वसूल होतात. पुण्याच्या पूर्वेला, दौंडच्या अंगाला काळी माती खोल मिळते. पश्चिमेला मुळशी-मावळात चढ-उतार, लालसर माती आणि धो धो पाऊस. एका ठिकाणचा नकाशा दुसरीकडे तसाच चालत नाही.

बाकीच्या गोष्टी नजरेने कळतात: डोक्यावरून जाणारी उच्चदाब वाहिनी, खडी क्रशर, वीटभट्टी, कुक्कुटपालन, लॉन्सवरचा डीजे. म्हणून एक फेरी लग्नसराईतल्या रात्रीही मारा.

पाणी

इथे थांबून नीट विचार करायचा, कारण घर विकून परत शहरात जाणाऱ्यांपैकी बरेच जण पाण्यानेच कंटाळलेले असतात.

दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे सारखं नसतं. वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात आणि खालच्या खडकातल्या फटींत ते साठतं. म्हणून एका बोअरला धो धो आणि पन्नास फुटांवर धूळ, असं घडतं. पाणाड्याचा मान ठेवा. पण त्याआधी आसपासच्या पाच-सहा विहिरी आणि बोअर फिरून बघा. खोली किती, मेमध्ये पातळी किती, मोटर किती वेळ चालते, हे मालक आनंदाने सांगतात. मग भूजलशास्त्रज्ञाकडून जमिनीची विद्युत तपासणी करून जागा ठरवा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर भूजल कायद्याचं बंधन आहे, ते आधी तपासा. बोअर घेताना केसिंग, म्हणजे माती ढासळू नये म्हणून आत घालतात तो पाइप, मुरमाचा सगळा थर ओलांडून पक्क्या खडकात बसलं पाहिजे. तिथे हात आखडला तर दर पावसाळ्यात गढूळ पाणी येतं.

जागेत आधीच बोअर असेल तर ‘दोन इंची पाणी आहे’ यावर समाधान मानू नका. मेमध्ये पंप सलग चार-पाच तास चालवा. दर तासाला २०० लिटरचा पिंप भरायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजा. चार मिनिटांत भरला तर मिनिटाला ५० लिटर, तासाला ३,००० लिटर. चौथ्या तासालाही तोच वेळ लागला तर बोअर भरवशाचा. आठ-नऊ मिनिटांवर गेला तर तुमची टाकी आणि नियोजन त्याच हिशेबाने करा. एक बाटली पाणी प्रयोगशाळेत देऊन क्षार, नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणूंची तपासणी करा.

आता छपराचा हिशेब. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला आणि छप्पर १५० चौरस मीटरचं असेल, तर वाया जाणारं वजा करून ८० टक्के म्हणजे ८४,००० लिटर पाणी हाती येतं. माणशी रोज १३५ लिटर या शहरी मापाने पाच जणांना ६७५ लिटर लागतात. म्हणजे चार महिन्यांचं पाणी तुमच्या डोक्यावर पडतं. सगळं साठवणं परवडणार नाही. म्हणून पहिल्या एक-दोन सरींचं घाण पाणी बाहेर सोडून पुढचं जमिनीखालच्या टाकीत घ्या, आणि टाकी भरली की ते वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरमध्ये मुरवा. अंगणातलं मातीमिश्रित पाणी थेट बोअरमध्ये कधीही सोडू नका; फटी गाळाने बुजतात आणि चांगला बोअर कायमचा जातो.

टाकी किती मोठी? टँकर साधारण दहा हजार लिटरचा येतो. टाकीत पाच हजार लिटर मावत असतील तर पूर्ण टँकरचे पैसे देऊन अर्धा घ्याल. पंधरा ते वीस हजार लिटरची करा. फाटक निदान बारा फूट ठेवा आणि टाकीपर्यंत पक्का, मुरमाचा का होईना, रस्ता करा.

सांडपाणी

बोअर आणि शोषखड्डा यांच्यात निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट अंतर हवं, आणि शोषखड्डा उताराच्या खालच्या अंगाला. मोठ्या जागेचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, तो घालवू नका. शेजाऱ्याची विहीर कुठे आहे तेही बघा. त्यांचंही पाणी पिण्याचंच आहे.

सेप्टिक टाकी दोन कप्प्यांची, पाच-सहा माणसांना आतून दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पाण्याची खोली सव्वा ते दीड मीटर. पाणी शिरताना आणि बाहेर पडताना ‘टी’ पाइप हवाच, नाहीतर वरची साय तशीच शोषखड्ड्यात जाऊन तो चोंदतो. मैला उपसणारी गाडी झाकणापर्यंत पोचेल अशी जागा ठेवा.

शोषखड्डा चालेल का, याची परीक्षा सोपी आहे. ठरलेल्या जागी फूटभर लांब-रुंद खड्डा घेऊन रात्रभर पाणी मुरवा. सकाळी पुन्हा सहा इंच पाणी भरा आणि पट्टी उभी करा. एक इंच उतरायला अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ लागला तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर खडी भरलेले लांब उथळ चर काढा. तासाहून अधिक लागला, आणि खोल काळ्या मातीत असं होतं, तर जमीन पाणी पिणार नाही. तिथे वनस्पतींवर आधारित गाळण पद्धतीचा विचार करा. अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी मात्र संडासापासून पहिल्यापासून वेगळ्या पाइपने काढा. कर्दळ, केळी, अळू त्यावर वर्षभर हिरवी राहतात आणि सेप्टिक टाकीवरचा भार कमी होतो.

घर नेमकं कुठे

जागेच्या मधोमध घर बांधायचा मोह सगळ्यांना होतो. तसं केलं की चारही बाजूंना अरुंद पट्टे उरतात. एकीकडे गाडी, एकीकडे कपडे, एकीकडे अडगळ, आणि मोठी सलग जागा कुठेच राहत नाही. घर जागेच्या उंच भागावर, रस्त्याच्या बाजूच्या एका कडेला घ्या, नियमाप्रमाणे सोडायचं अंतर सोडून. वीज, पाणी, रस्ता सगळ्यांची लांबी कमी होते आणि मागे सलग मोकळं रान उरतं. पुढे भावाला किंवा मुलाला शेजारी बांधायचं झालं तर तीच जागा कामी येते.

घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की मोठ्या भिंती उत्तर-दक्षिण येतात आणि दुपारचं ऊन फक्त आखूड पश्चिम भिंतीवर पडतं. त्या बाजूला जिना, कोठी, न्हाणीघर द्या. पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो, म्हणून पश्चिम-दक्षिणेच्या खिडक्यांवर निदान दोन फुटांची छज्जी हवी. ओसरी पूर्वेला किंवा उत्तरेला. आई-वडिलांची खोली तळमजल्यावर, संडासाला लागून, आणि मधे एकही पायरी नको.

पायाबाबत तडजोड नको. काळी माती असेल तर पाया मुरमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तळाशी फुगीर असलेल्या पाइल्सचा विचार करून घ्या. जोत्याखालची काळी माती काढून मुरूम भरा आणि थराथराने पाणी मारून दाबा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी भेग बहुतेक वेळा इथल्या कसुरीची असते. जोतं आसपासच्या जमिनीपेक्षा अडीच-तीन फूट वर घ्या, भोवती तीन फुटांचा उताराचा काँक्रीट पट्टा करा, म्हणजे पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी मुरणार नाही. वाळवीचं औषध जोतं भरतानाच मारायचं असतं. रानाच्या कडेला हे टाळलं तर दारांच्या चौकटी हाताने पडतात.

घर छोटं बांधा, असं मनापासून सांगावंसं वाटतं. जागा मोठी असली की नकाशाही फुगतो. पंधराशे-अठराशे चौरस फूट आणि भरपूर ओसरी, एवढ्यात सहा माणसं सुखाने राहतात.

वीज, कुंपण, झाडं

महावितरणचा खांब किती दूर आहे यावर खर्च ठरतो, म्हणून जागा पाहतानाच विचारा. छपरावर सौरऊर्जा घ्या. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण नेहमीचा संच वीज गेली की बंद पडतो, त्यामुळे पाण्याचा पंप आणि दिवे यांच्यासाठी बॅटरीची सोय वेगळी लागते. उघड्या रानात विजा पडतात, अर्थिंग नीट करा.

कुंपण घराआधी. सिमेंटचे खांब आठ ते दहा फुटांवर, जाळी, आणि आतून सागरगोटा किंवा करवंदाचं जिवंत कुंपण. तीन-चार पावसाळ्यांत ते जाळीपेक्षा भक्कम होतं. झाडं पहिल्याच जूनमध्ये लावा, घर व्हायची वाट पाहू नका. पश्चिमेला करंज, कडुनिंब, बहावा. आंब्यात तीस फूट अंतर. वड-पिंपळ आणि गुलमोहर घरापासून लांब. असलेलं मोठं झाड तोडायला परवानगी लागते, आणि बऱ्याचदा घर चार फूट सरकवलं तर ते झाड वाचतं.

साप, बिबट्या आणि शेजार

नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप ओळखायला घरातल्या प्रत्येकाने शिकावं. मण्यार रात्री घरात शिरते आणि तिचा दंश दुखतही नाही, म्हणून जमिनीवर अंथरूण नको; खाट आणि मच्छरदाणी हवी. दाराखालच्या फटी बुजवा, लाकूडफाटा आणि विटा भिंतीला टेकवून रचू नका, रात्री अंगणात बॅटरीशिवाय पाऊल नको. दंश झाला तर कापणं, आवळून बांधणं, मांत्रिक काही नको. हातपाय हलू न देता १०८ वर फोन करा. सर्पदंशाची लस जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात मिळते, हे आधीच विचारून नंबर भिंतीवर लावा.

जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे हे धरूनच राहायचं. कुत्रं रात्री आत घ्या, उष्टं-खरकटं उघड्यावर टाकू नका, लहान मुलांना तिन्हीसांजेनंतर एकटं अंगणात सोडू नका.

आणि गावातली माणसं. ग्रामसेवक, पोलीस पाटील, दोन्ही बांधांवरचे शेतकरी यांची ओळख बांधकामाआधीच करून घ्या. जत्रेची वर्गणी द्या, शेजाऱ्याच्या बैलगाडीची जुनी वाट कुंपणात घेऊ नका. रात्री दोन वाजता पंप जळाला किंवा कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर आधी तीच माणसं धावून येतात.

कामाचा क्रम

खरेदीखत झालं की फेरफाराची नोंद मंजूर होऊन सातबारावर नाव चढेपर्यंत तलाठी कार्यालयाचा पाठपुरावा करा. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. उन्हाळ्यात कुंपण, बोअर आणि मुरमाचा रस्ता. जूनमध्ये झाडं. तो सगळा पावसाळा जमीन बघण्यात जाऊ द्या, आणि त्याच काळात नकाशा मंजुरीला टाका. दसऱ्याच्या सुमारास पाया काढा, म्हणजे पुढच्या मेअखेर छप्पर पडतं आणि गिलावा पावसात सापडत नाही.

राहायला गेल्यावर पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरा. पन्हळीचं पाणी कुठे उडतंय, चर कुठे भरून वाहतोय, सेप्टिक टाकीच्या झाकणातून पाणी आत जातंय का, जोत्याच्या कोणत्या कोपऱ्यात ओल धरतेय, हे सगळं फोटोसकट टिपून ठेवा. गवंड्याचा शेवटचा हप्ता या फेरीनंतर, यादीतली कामं झाल्यावर द्या. हे करारातच आधी लिहून घ्या.